अंतर तेच, वेळ वेगळा : हेलसिंकी ते टोकियो

१/ फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकियो यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर. हे अंतर कधीही बदलले नाही. प्रवासाचा वेळ मात्र चाळीस वर्षांत तेरा तासांवरून साडेनऊ तासांच्या आसपास आला आणि पुन्हा तेरा तासांवर गेला. विमाने तर सुधारतच गेली होती. मग वेळ का वाढला?

२/ या प्रश्नाचे मूळ १९४४ च्या शिकागो करारात आहे. आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राचे पूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व असते, हे त्याचे पहिले कलम. खुल्या समुद्रात जहाजाला कोणाची परवानगी लागत नाही. परक्या देशावरून उडणाऱ्या विमानाला ती लागते.

३/ युरोपातून जपानला जाण्याची जवळची वाट सायबेरियावरून जाते. शीतयुद्धाच्या काळात ती पाश्चात्त्य विमानांना बंद होती. दक्षिण आशियामार्गे जाणाऱ्या प्रवासाला सुमारे पन्नास तास लागत.

४/ २४ फेब्रुवारी १९५७ रोजी स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने उत्तर ध्रुवाकडची वाट धरली : कोपनहेगनहून अलास्कातील अँकरेज, तेथे इंधन भरून टोकियो. वेळ सुमारे बत्तीस तासांवर आला. ध्रुवाजवळ चुंबकीय होकायंत्र भरवशाचे राहत नाही. त्यामुळे दिशा ठरवण्याची निराळी पद्धत वापरावी लागली.

५/ १९७० पासून मॉस्कोत थांबून सायबेरिया ओलांडण्याची मुभा मिळू लागली, तीही मोजक्याच उड्डाणांना. एप्रिल १९८३ मध्ये फिनएअरने जादा इंधनटाक्या बसवलेले डीसी-१० विमान हेलसिंकीहून ध्रुवावरून थेट टोकियोला नेण्यास सुरुवात केली. वेळ सुमारे तेरा तास. सोव्हिएत संघाशी तेराशे किलोमीटरची सीमा असलेल्या तटस्थ फिनलंडलाही हा वळसा चुकला नाही.

६/ बंद आकाशाची किंमत केवळ तासांत मोजता येत नाही. त्याच वर्षी १ सप्टेंबरला अँकरेजहून सोलला निघालेले कोरियन एअर लाइन्सचे ००७ हे विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले. लढाऊ विमानाने ते पाडले. त्यातील सर्व २६९ जण मृत्युमुखी पडले.

७/ १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. सायबेरियाचे आकाश शुल्क घेऊन खुले झाले आणि अँकरेजचा प्रवासी थांबा ओस पडला. युरोपातून आशियाला जाण्याची सर्वांत जवळची वाट आपल्या दारातून जाते, या एका गोष्टीवर फिनएअरने आपला व्यवसाय उभारला.

८/ २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. अँकरेजमार्गे गेलेल्या त्या पहिल्या उड्डाणाला त्या दिवशी बरोबर ६५ वर्षे झाली होती. युरोपीय संघाने रशियन विमानांना आकाश बंद केले. रशियाने तसेच प्रत्युत्तर दिले. मार्च महिन्यात फिनएअरचे विमान पुन्हा ध्रुवावरून टोकियोला निघाले. वेळ, पुन्हा सुमारे तेरा तास.

९/ आपल्यालाही हा अनुभव नवा नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद करताच दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. तिकिटावर छापलेला प्रवासाचा वेळ म्हणूनच निव्वळ यंत्राच्या वेगाचा हिशेब नसतो; वाटेतल्या देशांशी आपले कसे पटते, हेही त्यात नोंदलेले असते.