प्रकाशकाचा पत्ता : ‘प्रास’, द्वैभाषिकता आणि अनुवादित आधुनिक कविता

मराठी वाङ्मयेतिहासाची आपली मांडणी कवी, संग्रह आणि प्रवाह या तीन एककांवर उभी आहे. प्रकाशक तिच्यात येतो तो बहुधा संदर्भसूचीत, कंसातल्या नावापुरता. मौज किंवा पॉप्युलर यांच्यासारख्या संस्थांविषयी गौरवपर लेखन झाले आहे. परंतु प्रकाशनसंस्थेची निवड, तिची गती आणि तिची ऐपत यांचा कवितेच्या आकलनावर काय परिणाम होतो, हा प्रश्न समीक्षेने फारसा हाताळलेला नाही. मुंबईतील ज्या लघुप्रकाशनांनी आधुनिक कविता एका भाषेतून दुसरीत नेण्याचे काम केले, त्यांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. या प्रकाशनांच्या कारभाराकडे पाठ फिरवल्यामुळे एका महत्त्वाच्या वादात आपण अपुऱ्या पुराव्यावर निवाडा दिला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हा वाद अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’संबंधीचा आहे आणि ती लघुप्रकाशन संस्था म्हणजे अशोक शहाणे यांचे ‘प्रास प्रकाशन’.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगता येईल. दिलीप चित्रे आणि त्यांचे मित्र यांनी पन्नासच्या दशकात ‘शब्द’ हे चक्रमुद्रित नियतकालिक चालवले. 1963 साली शहाणे यांनी ‘असो’ सुरू केले. त्याच वर्षी ‘मनोहर’मध्ये त्यांचा ‘आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण’ हा लेख आला आणि प्रस्थापितांना त्याने किती दुखावले, हे आता सर्वश्रुत आहे. या लेखाची चर्चा नेहमी बंडखोरीच्या अंगाने होते. शहाणे हे बंगालीतून मराठीत अनुवाद करणारे लेखक होते, ही गोष्ट मात्र त्या चर्चेत मागे पडते. मराठी साहित्याचा तोकडेपणा त्यांना दिसला तो शेजारच्या भाषेच्या खिडकीतून. अनियतकालिकांच्या चळवळीमागे केवळ युरोपीय आधुनिकतेचे वाचन होते, हे आपले रूढ गृहीतक त्यामुळे सैल होते.

मराठीत परकीय आधुनिक कविता आली ती अनेक वाटांनी. सदानंद रेगे यांनी मायकोव्हस्की मराठीत आणला. ‘पँट घातलेला ढग’ हे त्या अनुवादाचे नावच एका पिढीच्या जिभेवर राहिले. उलट दिशेची वाहतूकही फार मागाहून सुरू झालेली नाही. चित्रे यांनी संपादित केलेले 1945 ते 1965 या कालखंडातील मराठी कवितेचे इंग्रजी संकलन 1967 साली मुंबईच्या ‘निर्मला सदानंद’ने काढले. आदिल जस्सावाला यांचे ‘न्यू रायटिंग इन इंडिया’ पेंग्विनकडून आले 1974 साली, म्हणजे सात वर्षांनंतर. मोठ्या प्रकाशकाने मागाहून उचललेली गोष्ट लहानाने आधी केलेली असते, हा क्रम पुढेही दिसतो.

1976 साली जस्सावाला, कोलटकर, गीव पटेल आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा या चौघांनी ‘क्लिअरिंग हाउस’ काढले. चौघांची चार पुस्तके एकदम. वाचकांकडून आगाऊ वर्गणी घेऊन भांडवल उभे करायचे, मांडणी आणि मुखपृष्ठे जाहिरात-व्यवसायात मुरलेल्या कोलटकरांनी करायची, आणि वितरण आपापल्या ओळखींवर, अशी ही व्यवस्था होती. कवी हाच संपादक, तोच चित्रकार, तोच विक्रेता. संस्थेची एकूण आठ पुस्तके निघाली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यास ती थांबली. त्या पहिल्या चारांत ‘जेजुरी’ होते. त्याआधी 1974 साली ते एका इंग्रजी वाङ्मयीन त्रैमासिकात येऊन गेले होते. 1977 साली त्याला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला आणि मराठी कवी जगाच्या नकाशावर इंग्रजीतून दिसू लागला.

त्याच 1977 साली ‘प्रास’ने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हे पुस्तक काढले. (मुक्तछंदाची पुस्तके काढणाऱ्या प्रकाशनाने स्वतःला ‘प्रास’ म्हणवून घ्यावे, यातला खोडकरपणा शहाण्यांच्या गद्याशी जुळणारा आहे.) या संग्रहातील कविता प्रामुख्याने पन्नास-साठच्या दशकांतल्या. म्हणजे पुस्तकरूपात आलेला मराठी कोलटकर हा इंग्रजी कोलटकरापेक्षा एक वर्षाने धाकटा आणि कवितेच्या वयाने बराच थोरला होता. एकाच कवीची दोन कालरेषांवर चाललेली ही दोन रूपे वाचकांच्या हाती एकाच सुमारास पडली. त्यानंतर मराठीत पुढचे पुस्तक यायला 2003 साल उजाडावे लागले. ‘चिरीमिरी’ आणि ‘भिजकी वही’ त्या वर्षीची, ‘द्रोण’ 2004चे. मधली सव्वीस वर्षे मराठी समीक्षेने ‘कोलटकरांचे मौन’ म्हणून नोंदवली. एम.ए.च्या वर्गांत हा शब्द अजून उत्तरपत्रिकांत सापडतो. वस्तुतः ते मौन लेखनाचे नव्हते. कवीला पुस्तकाची घाई नव्हती आणि त्याने निवडलेल्या प्रकाशकालाही ती नव्हती. हंगामाप्रमाणे पुस्तके काढणे, पुरस्कारांच्या मुदती गाठणे, शासनमान्य ग्रंथयादीत नाव घालून ग्रंथालयांची खरेदी मिळवणे, या चक्रावर ज्या प्रकाशकाचा संसार चालतो, त्याला एका कवीसाठी पाव शतक थांबता येत नाही. लघुप्रकाशनाला ते परवडते, कारण त्याच्याकडे गमावण्यासारखा धंदाच नसतो.

या थांबण्याची किंमत कुठे मोजावी लागली? 1985 साली भालचंद्र नेमाडे यांनी भारतीयांच्या इंग्रजी लेखनाविरुद्ध जी भूमिका मांडली, तिच्यात ‘जेजुरी’चा समाचार होता. कोलटकर तीर्थक्षेत्री पर्यटकासारखे जातात, परंपरेशी त्यांचे नाते वरवरचे आहे, असा त्या आक्षेपाचा रोख. नेमाडे यांचा भाषाविषयक युक्तिवाद हलका नाही. वसाहतोत्तर काळात कोणत्या भाषेत लिहावे हा प्रश्न त्यांनी ज्या निकराने विचारला तसा मराठीत फार थोड्यांनी विचारला. पण कोलटकरांपुरता तो आक्षेप ज्या ग्रंथसामग्रीवर उभा होता ती पाहावी. इंग्रजीतले एक पुस्तक, मराठीतले एक. आणि कोलटकर तुकारामाचे व इतर संतांचे जे इंग्रजी अनुवाद करीत होते, ते एका पुस्तकात एकत्र आलेले नव्हते. मेहरोत्रा यांनी संपादित केलेले ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’ हे पुस्तक ‘प्रास’ने 2009 साली काढले, तेव्हा कवीने स्वतःच्या मराठी कवितांचे आणि संतकवितेचे केलेले अनुवाद एकाच बासनात वाचायला मिळाले. परंपरेशी वरवरचे नाते असणारा कवी आयुष्यभर तुकारामाच्या अभंगांशी झटापट करीत बसत नाही. पुढे 2011 साली कोलटकरांच्या पश्चात मराठी ‘जेजुरी’ही ‘प्रास’कडूनच आली. इंग्रजी पुस्तक आणि त्याचे मराठी रूप यांत पस्तीस वर्षांचे अंतर पडले.

मराठी ‘जेजुरी’मुळे नेमाड्यांचे म्हणणे खोडले गेले, असे म्हणणे उतावळेपणाचे ठरेल. पण प्रश्न मात्र बदलला. ‘हे इंग्रजीत का लिहिले?’ असे आता विचारता येत नाही. ‘यातले मूळ कोणते?’ असे विचारावे लागते. ‘सर्पसत्र’च्या बाबतीतही हाच पेच आहे. 2004चे इंग्रजी ‘सर्पसत्र’ आणि ‘भिजकी वही’तील त्याच विषयावरची कविता यांना मूळ आणि अनुवाद या जोडीत बसवता येत नाही. ‘भिजकी वही’त हिपेशिया, कण्णगी आणि रशियन कवी मांडेलस्टामची पत्नी नादेझ्दा एका वहीत शेजारी बसतात, अनुवाद इथे कवितेच्या आधीच घडून गेलेला असतो. या संग्रहाला 2005चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा कवी हयात नव्हता.

द्वैभाषिक कवी आणि लघुप्रकाशन यांच्या जवळिकीला एक व्यावहारिक कारणही आहे. परकीय कवीचा अनुवाद छापायचा तर हक्क, परवानगी, मानधन हे सोपस्कार आले. कवी स्वतःच अनुवादक असेल आणि प्रकाशक त्याचा मित्र असेल, तर हा सगळा खर्च मैत्रीच्या खाती जमा होतो. मुंबईच्या लघुप्रकाशनांत स्वानुवादाला जे प्राधान्य मिळाले, त्यामागे सौंदर्यदृष्टी होती तशी ही गरिबीही होती. दुसरी भाषा जाणणारा अनुवादक विकत घेता येत नव्हता. तो कवीच्याच अंगात असावा लागे.

आता लेखाच्या शीर्षकातील पत्त्याविषयी. मुंबईच्या आधुनिक कवितेचा भूगोल आपण दक्षिण मुंबईत आखला आहे : काळा घोडा, वेसाइड इन, फोर्टातल्या जाहिरातसंस्था. ‘काळा घोडा पोएम्स’ने तो पक्का केला. परंतु 2004 सालच्या त्या पुस्तकावर प्रकाशकाचा पत्ता आहे मालाड पूर्वेचा. शहराच्या टोकावरची कविता उपनगरातल्या घरातून निघाली. गिरगाव-दादरचा मध्यमवर्ग बोरिवली, मुलुंड, डोंबिवलीकडे सरकला, त्याबरोबर मराठी वाङ्मयव्यवहाराचे घरगुती कारखानेही सरकले. पुस्तकांचे गठ्ठे पलंगाखाली, हिशेबाची वही स्वयंपाकघराच्या फडताळात, पार्सले लोकलने फोर्टात. या स्थलांतराचा इतिहास ग्रामीण-नागर अशा द्वंद्वात मावत नाही, म्हणून तो लिहिला गेला नसावा. उपनगर हे आपल्या समीक्षेच्या दृष्टीने अजून ‘स्थळ’ झालेलेच नाही.

पुढच्या पिढीत हेमंत दिवटे यांनी ‘अभिधानंतर’ हे अनियतकालिक पंधरा वर्षे चालवले आणि नव्वदोत्तरी कवींना व्यासपीठ दिले. ‘पोएट्रीवाला’ हे त्यांचे प्रकाशन. दिवटे यांच्या कवितांचा चित्रे यांनी केलेला ‘व्हायरस अलर्ट’ हा इंग्रजी अनुवाद 2003चा. सचिन केतकर यांनी अनुवादित-संपादित केलेले ‘लाइव्ह अपडेट’ हे समकालीन मराठी कवितेचे संकलन 2005चे. ‘पोएट्रीवाला’ची काव्यपुस्तके आज शंभराच्या पुढे गेली आहेत. लघुप्रकाशनाच्या मानाने हा आकडा थक्क करणारा आहे, आणि ‘प्रास’च्या संथपणाच्या अगदी विरुद्ध टोकाचा. मात्र इथे एक असमतोल दिसतो. मराठी अनियतकालिक थांबले आणि इंग्रजी पुस्तकांचा ओघ सुरू राहिला. ‘प्रास’च्या दोन्ही भाषा एका घरात नांदत होत्या, इथे वाहतूक बाहेरच्या दिशेने अधिक आहे. याचा दोष प्रकाशकाला देता येत नाही. इंग्रजी काव्यपुस्तकाला देशभर वाचक मिळू शकतो. मराठी काव्यसंग्रहाची पाचशे प्रतींची आवृत्ती मराठीचे प्राध्यापकही विकत घेऊन संपवत नाहीत, आणि त्या प्राध्यापकांत प्रस्तुत लेखकही मोडतो.

अभ्यासाच्या साधनांचीही दिशा तीच आहे. या विषयावरचे दोन मोठे ग्रंथ, लेटिशिया झेकिनी यांचा 2014चा आणि अंजली नेर्लेकर यांचा ‘बॉम्बे मॉडर्न’ हा 2016चा, इंग्रजीत आहेत. नेर्लेकर यांनी तर अनियतकालिकांचे कागद, छपाई, आकार यांनाच पुराव्याचा दर्जा दिला आहे. मराठी समीक्षेने हे काम आधी करायला हवे होते. मुंबईच्या कवींची पत्रे, टिपणे, खर्डे यांचा संग्रह अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात उभा राहिला आहे. तिथे तो सुरक्षित आहे, ही समाधानाची बाब. पण मालाडहून निघालेल्या पुस्तकाची जन्मकथा तपासायला अंधेरीच्या महाविद्यालयातील पीएच.डी.च्या विद्यार्थिनीला इथाका गाठावे लागते, किंवा तिथल्या सूचीवर भागवावे लागते. दरम्यान इथल्या घरांतली फडताळे इमारतींच्या पुनर्विकासात रिकामी होत आहेत. रद्दीवाल्याच्या काट्यावर चक्रमुद्रित अंकाचे वजन वर्तमानपत्राइतकेच भरते.