कळतं पण वळत नाही: एका ग्रीक क्रियापदाची गोष्ट

मराठी बायबलमध्ये योहान लोकांना ‘पश्चात्ताप’ करायला सांगतो. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘मेतानोएओ’ हे क्रियापद आहे. ‘मेता’ म्हणजे नंतर, ‘नोएओ’ म्हणजे जाणणं. जुन्या ग्रीकमध्ये त्याचा एक अर्थ होता ‘उशिरा लक्षात येणं’, आणि त्याच्या उलट ‘प्रोनोएओ’, म्हणजे आधीच ओळखणं. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: पश्चातबुद्धी. गंमत बघा, ‘पश्चात्’ दोन्हीकडे आहे. पण ग्रीक शब्दात नंतर येते ती जाण, आणि ‘पश्चात्ताप’मध्ये नंतर येतो तो ताप.

हा फरक किरकोळ वाटतो का? मग लॅटिनकडे या. लॅटिन बायबलमध्ये या जागी ‘पेनिटेन्तियाम आगिते’ असं आलं. मध्ययुगापर्यंत ‘पेनिटेन्तिया’ हा चर्चचा एक विधी झाला होता: धर्मगुरूपुढे पाप कबूल करायचं आणि तो सांगेल ते करायचं. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या कानावर पडायचं, ‘प्रायश्चित्त करा’.

पंधराव्या शतकात इटलीतल्या लोरेन्झो वाल्लाने ग्रीक पाठ शेजारी ठेवून या भाषांतरावर आक्षेप घेतला. त्याची टिपणं इरॅस्मसने 1505 मध्ये छापली आणि 1516 मध्ये बाझेलहून ग्रीक नवा करार प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथरने आपले 95 मुद्दे मांडले. पहिल्या दोन मुद्द्यांचा विषय हाच शब्द होता. 1518 मध्ये आपल्या गुरूला, श्टाउपित्झला, लिहिलेल्या पत्रात त्याने ग्रीक अर्थ कळल्यावर मिळालेल्या दिलाशाबद्दल सांगितलं आहे.

इथे थांबलो तर गोष्ट सोपी होते: खरा अर्थ ‘मन बदलणं’, बाकी सगळं भाषांतरकारांची चूक. इंटरनेटवर तुम्ही हे ऐकलंही असेल. पण शब्दाची फोड म्हणजे अर्थ नव्हे. ‘पश्चात्ताप झाला’ म्हणताना आपल्यापैकी कुणाला उष्णता आठवते? अर्थ ठरतो वापरावरून.

म्हणून वापर पाहू. हिब्रू शास्त्राच्या जुन्या ग्रीक भाषांतरात, योनाच्या पुस्तकात, देव निनवे शहराचा नाश करायचं रद्द करतो. तिथेही क्रियापद हेच. देवाने पाप केलेलं नव्हतं, त्याने निर्णय बदलला. लूकच्या शुभवर्तमानात मात्र (17:4) एक माणूस दिवसातून सात वेळा तुमचा अपराध करतो आणि सात वेळा परत येऊन हेच क्रियापद उच्चारतो. तिथे ‘माझं मन बदललं’ हे भाषांतर हास्यास्पद होईल. तो म्हणतोय, ‘चुकलं माझं.’ आणि प्रेषितांच्या कृत्यांत (26:20) पौल या क्रियापदाला ‘एपिस्ट्रेफो’ म्हणजे वळणं, हे दुसरं क्रियापद जोडतो, आणि लगेच त्याला साजेशा कृतीची अपेक्षा करतो.

कळणं आणि वळणं. घरी कुणीतरी वैतागून ‘याला कळतं पण वळत नाही’ म्हणालेलं तुम्ही ऐकलंच असेल. पौलाने ही दोन्ही क्रियापदं एकाच वाक्यात ठेवली, कारण नुसतं पहिलं पुरत नाही. नुसत्या तापानेही भागत नाही, आणि नुसत्या विधीनेही. पुढच्या वेळी कुणी शब्दाची फोड करून ‘खरा अर्थ’ सांगू लागलं, तर एवढंच विचारा: हा शब्द कोण, कुणाला, कधी म्हणतंय?