नदीविना नांदलेले राष्ट्र

नदीकाठी जन्मलेला समाज परदेशी गेला तरी नदीची ओढ त्याच्या मनातून जात नाही. 1834 पासून करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्या भारतीयांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. तेथील डोंगरातल्या एका सरोवराला या मजुरांच्या वंशजांनी तीर्थ मानले. 1972 साली त्यात गंगेचे पाणी ओतण्यात आले आणि ते ‘गंगा तलाव’ झाले. विपुल जलावाचून संस्कृती नाही, हा संस्कार इतका खोल रुजलेला आहे.

ओमानचा इतिहास मात्र हा समज पारखून घ्यावयास लावतो. मस्कतमधील अल् खुवैर ही वस्ती डोंगर व समुद्र यांच्यामधील सखल पट्टीवर वसली आहे. या देशात बारमाही वाहणारी मोठी नदी नाही, की विस्तीर्ण गोडे सरोवर नाही. डोंगरातून उतरणारी ‘वादी’ बहुधा कोरडीच असते. पाऊस कोसळला म्हणजे मात्र तीच रौद्र रूप धारण करते. 2007 च्या जूनमध्ये गोनू वादळाच्या वेळी मस्कतने ते रूप पाहिले.

अशा भूमीत गावे टिकली ती ‘फलज’मुळे. डोंगरपायथ्याचे भूगर्भजल भुयारांतून व पाटांतून, केवळ उताराच्या बळावर, दूरवरच्या वस्तीपर्यंत आणले जाते. फलज या अरबी शब्दाच्या मुळाशीच वाटे करणे हा अर्थ आहे. पाणी प्रथम पिण्यासाठी, मग मशिदीसाठी व स्नानासाठी, आणि शेवटी खजुराच्या बागांसाठी, असा क्रम असतो. शेतकऱ्याचा वाटा वेळेवर मोजतात. दिवसा सावलीवरून, रात्री ताऱ्यांवरून. असे सुमारे 3000 फलज आजही वाहतात. त्यांपैकी निजव्याच्या ‘दारिस’सह पाच फलजांना 2006 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

ही शिस्त महाराष्ट्रालाही परकी नाही. धुळे व नाशिक भागांत पांझरेसारख्या नद्यांवर बंधारे घालून ‘फड’ पद्धतीने शेतीला पाणी दिले जाई. पाटकरी पाळीपाळीने पाणी सोडी आणि गावकरी ती पाळी मानीत. नदी असूनही वाटणीचा नियम लागलाच.

तात्पर्य, राष्ट्राचे जीवन केवळ जलाच्या विपुलतेने घडत नाही. जल वाटून घेण्याच्या रीतीने ते घडते. 1976 पासून अल् खुवैरशेजारच्या घुब्रा येथे समुद्राचे पाणी गोडे होऊ लागले आणि मस्कतच्या घरोघरी नळ आले. नळाला पाळी नसते, तारे पाहावे लागत नाहीत. म्हणूनच पाण्याची किंमत विसरण्याचा धोका आता अधिक आहे. नव्या पिढीला पूर्वजांच्या गंगेची कथा अवश्य सांगावी. परंतु तिच्यासोबत फलजाकाठी आपल्या पाळीची वाट पाहत बसलेल्या शेतकऱ्याचीही कथा सांगावी.