धर्म, साम्राज्यसत्ता आणि युद्ध : उत्तर कोकणातील पोर्तुगीज राजवट (१५३४–१७३९)

प्रस्तावना :
बदलापूर-कल्याणकडून वाहत जाणारी उल्हास नदी पुढे वसईच्या खाडीला मिळते. या खाडीच्या मुखाशी युरोपातील धर्म आणि साम्राज्य यांची सांगड दोनशे वर्षे नांदली. तिचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

धर्म आणि सत्ता :
१४५५ मध्ये पोप पाचवा निकोलस याने पोर्तुगालच्या राजास नवे प्रदेश जिंकण्याचा अधिकार दिला. 'पाद्रोआदो' या व्यवस्थेनुसार बिशपांच्या नियुक्तीसाठी नावे सुचविण्याचा हक्क राजाकडे आला व धर्मप्रसाराचा खर्चही त्याच्यावर पडला. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. तेथील गावे लष्करी सेवेच्या बदल्यात सरदारांना मिळाली. जेझुइट, फ्रान्सिस्कन आदी धर्मसंघांनाही जमिनीचे उत्पन्न लाभले. त्यामुळे चर्च ही केवळ उपासनेची जागा न राहता महसुली हितसंबंध असलेली संस्था बनली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाल्यावर हिंदूंच्या सार्वजनिक धर्माचरणावरील निर्बंध अधिक जाचक झाले.

संघर्ष :
या जाचाविरुद्ध अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक पुढाऱ्यांनी पेशव्यांकडे दाद मागितली. १७३७ मध्ये ठाणे मराठ्यांच्या हाती आले. चिमाजी अप्पांनी सुरुंग लावून वसईचे तट फोडले आणि मे १७३९ मध्ये किल्ला शरण आला. वेढ्यात मुंबईच्या प्रॉटेस्टंट इंग्रजांनी कॅथलिक शेजाऱ्यांना कर्ज दिले, तेही चर्चमधील चांदीची भांडी तारण घेऊन. साम्राज्याच्या व्यवहारात धर्मबंधुत्वापेक्षा तारण अधिक विश्वासार्ह ठरले. युरोपातही तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–१६४८) कॅथलिक फ्रान्सने प्रॉटेस्टंट स्वीडनशी हातमिळवणी केली होती.

निष्कर्ष :
शरणागतीच्या अटींनुसार पोर्तुगीज सैन्यास शस्त्रांसह सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना धर्मपालनाची मुभा मिळाली. धर्माच्या तक्रारीतून पेटलेले युद्ध धार्मिक सूडात संपले नाही. वसईच्या विजयाची खूण म्हणून नाशिकच्या नारोशंकर मंदिरात पोर्तुगीज घंटा आहे, तर वसई परिसरातील ख्रिस्ती समाज आजही मराठीच्या बोली बोलतो. राजसत्ता लयास गेली, श्रद्धा मात्र या मातीत रुजली. म्हणूनच या इतिहासाकडे केवळ दोन धर्मांचा संघर्ष म्हणून पाहणे अपुरे ठरते. जमीन, महसूल आणि सत्ता यांच्या संदर्भातच त्याचा अर्थ उलगडतो.