दिंडीचे गुडघे

या स्मरणिकेत विणेकरी, चोपदार, पंगत देणारे सगळ्यांची नोंद झाली. पण शंभर वर्षं दिंडी वाहिली गुडघ्यांनी. त्यांचाही इतिहास आम्ही लिहून ठेवतो.

केडगावहून पंढरी सुमारे २०० किलोमीटर. नुसत्या चालण्यानं होत नाही एवढा त्रास पावली खेळताना, उड्या मारताना होतो. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीला जोडणारी जाड दोरी असते, तिला कंडरा म्हणतात. उडीचा सगळा हिसका तिच्यावर. माणूस एरवी कधी नाचत नाही, अन् ज्येष्ठात एकदम रोज वीस किलोमीटर चालून वर पावली. मग ती दुखणारच.

पूर्वी औषध घरचंच. निरगुडीचा पाला, तापवलेलं रुईचं पान, तिळाचं तेल, विटेचा शेक. शेकानं त्या रात्री झोप लागायची, हे खरं. बिब्बा घालून कातडी जाळून घेणारेही होते, ते आम्हांला कधी पटलं नाही. पुढं गोळ्या-इंजेक्शनं आली. वारीपुरतं भागायचं, दुखणं तिथंच. वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून विणेकरी तसाच उभा राहायचा. डोक्यावर तुळस घेतलेल्या मायबहिणींना तर कुणी विचारलंच नाही. अशी कितीतरी माणसं घरी बसली ती बसलीच.

व्यायामानं बरं करायची विद्या आपल्याकडं पोलिओमुळं रुजली. १९५२ च्या सुमारास मुंबईत साथीनंतर केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. आता आपल्या विळद घाटातही त्याचं कॉलेज आहे. स्वीडनचे डॉक्टर आल्फ्रेडसन यांची स्वतःचीच टाचेची कंडरा दुखत होती. त्यांनी तिला विश्रांती न देता सावकाश भार दिला अन् १९९८ साली ते जगापुढं मांडलं. पुढं गुडघ्यासाठी उतरत्या फळीवर उभं राहून हळूहळू खाली बसायची रीत निघाली.

सुरुवात सोपी. भिंतीला पाठ टेकायची, गुडघे अर्धे वाकवायचे, ४५ सेकंद थांबायचं. असं पाच वेळा, मधे दोन मिनिटं दम खायचा. ते जमलं की बाजेवर सावकाश बसणं-उठणं, मग फळी. थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर भार कमी करायचा. गुण यायला तीन महिने लागतात, म्हणून माघी वारी झाली की धरावं, प्रस्थानापर्यंत चार महिने मिळतात. गुडघा सुजला, अडकला, किंवा मार लागून पाय सरळच होईना, तर व्यायाम नको, आधी डॉक्टर. म्हातारपणाची झीज निराळी, तिचा व्यायामही डॉक्टरांना विचारूनच.

आम्ही सुताराकडून एक उतरती फळी करून घेतली आहे. ती दिंडीच्या ट्रकमध्ये मागच्या बाजूला राहील. आचारी मंडळींनी तिच्यावर कणकेची परात ठेवू नये.