वेगळी चूल

माउली, चूल म्हटली की डोळ्यांपुढे जाळ येतो. पण आपल्या जुन्या घरांत चुलीभोवतीच्या जागेलाही नाव होते. चुलीमागे भांडी ठेवायला मातीचा उंचवटा असे, तो भाणवस. शेजारी वैल, मुख्य चुलीच्या धगीवर तिथे कालवण रटरटत राही. पाबळकडची बाई पहाटे राख काढायची, चुलीला पोतेरे द्यायची आणि मगच बाजरीची भाकरी थापायला बसायची.

संस्कृतातल्या चुल्लीपासून आपली चूल आली, आणि बोलता बोलता तिचा अर्थ घर असाच झाला. भाऊ वेगळे झाले की शेत वाटले नसले तरी आपण म्हणतो, त्यांनी वेगळी चूल मांडली. चूलबंद आवतण आले की त्या दिवशी त्या घरात जाळ करायचाच नाही. सगळ्यांनी जेवायला यायचे. म्हणजे कोणाच्या चुलीवरचे कोण खातो, यावर आपले कोण हे ठरत आले.

पाबळात मस्तानीची कबर आहे. बाजीरावांनी हे गाव तिला दिले होते. १७४० साली दोघेही गेले. शनिवारवाड्यात तिला महाल मिळाला, पण पेशव्यांच्या घराने तिला आपली मानले नाही. लोक तिच्या रूपाच्या कथा सांगतात. मला तो वेगळा महालच जास्त बोलका वाटतो.

हीच गोष्ट वारीच्या वाटेवरही होती, हे आपण लपवू नये. आपण एकमेकांच्या पाया पडताना जात विचारत नाही. पण इरावती कर्वे वारीत चालल्या, तेव्हा त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठे भजन एकत्र म्हणत, स्वयंपाक आणि पंगत मात्र वेगळी. त्यांना ते फार लागले, आणि त्यांनी ते लिहून ठेवले. १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले झाले. मंदिराला दार असते, ते उघडता येते. रानात तीन दगडांवर मांडलेल्या चुलीला दार कुठले? तिथे कोणाच्या हातचे खायचे, हे माणसांनीच ठरवायचे.

आता पुष्कळ दिंड्यांचे सामान ट्रकमधून पुढे जाते, गॅसच्या शेगडीवर एकच मोठे पातेले चढते आणि त्यातलेच सगळ्यांना वाढतात. हे आपोआप झालेले नाही. कोणीतरी पहिल्यांदा दुसऱ्याच्या पंगतीत जाऊन बसले असेल. तुमच्या दिंडीतल्या वयस्कर माणसांना एकदा विचारा: त्यांच्या लहानपणी मुक्कामाला किती चुली पेटत, आणि कोणत्या चुलीवरची भाकरी घरच्यांना चालत नसे?