‘आहे’, ‘होता’, ‘झाला’ : अनियमित क्रियापदांच्या अध्यापनाचा इतिहास आणि कोयना खोऱ्याची बोली

परकी भाषा शिकू लागणाऱ्यास पहिली अडचण बहुधा ‘असणे’ या अर्थाच्या क्रियापदाची येते. आइसलँडिक भाषेत ‘वेरा’ हे क्रियापद वर्तमानकाळी ‘एर’ आणि भूतकाळी ‘वार’ असे चालते. मराठीत ‘असणे’ चालवू लागले, की ‘आहे’, ‘होता’, ‘असेन’, ‘नाही’, ‘नव्हता’ अशी रूपे पुढे येतात आणि त्यांतील परस्परसंबंध सहसा ध्यानात येत नाही. सर्वांत अधिक वापरली जाणारी क्रियापदेच सर्वांत अनियमित असावीत, हे वरवर पाहता विचित्र वाटते. वस्तुतः सततच्या वापरामुळेच त्यांची जुनी रूपे टिकून राहतात. क्वचित वापरात येणारी क्रियापदे मात्र नियमाच्या साच्यात लवकर जाऊन बसतात. ही रूपे कोणासाठी व कोणत्या दृष्टीने शिकविली गेली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

हा प्रश्न पाणिनीसमोरही होता. संस्कृतातील ‘अस्’ धातू सर्व काळांत चालत नाही. भविष्यकाळी ‘भविष्यति’ असे रूप येते, ते ‘भू’ धातूचे होय. पाणिनीने अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायात विशिष्ट प्रत्ययांपूर्वी ‘अस्’च्या जागी ‘भू’ हा आदेश सांगितला. येथे अपवादाची बोळवण झालेली नाही. त्यालाच नियमाचे रूप मिळाले आहे.

मराठीच्या छापील व्याकरणांकडे वळल्यास वेगळे चित्र दिसते. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण 1805 मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेले. त्याचा वाचक कंपनी सरकारच्या चाकरीत येणारा परका तरुण होता, त्यामुळे ‘आहे’ची सगळी रूपे त्याला मांडून देणे आवश्यकच होते. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण 1836 मध्ये आले आणि वाचक पालटला. आता समोर मराठी मुलगाच होता. ‘गेला’, ‘केला’ ही रूपे तो शाळेत येण्यापूर्वीच बोलत असे. त्याला ती नव्याने शिकवायची नव्हती. मग व्याकरणाने त्याला काय शिकवायचे? उत्तर हळूहळू असे ठरत गेले, की अनेक रूपांपैकी ‘शुद्ध’ कोणते ते शिकवायचे. परक्याच्या सोयीसाठी केलेल्या कोष्टकाला घरच्या मुलाच्या बाबतीत तराजूचे काम मिळाले. हा बदल मराठी शिक्षणाच्या इतिहासात पुरेसा लक्षात घेतला गेला नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

रूपांचा इतिहास पुढे वि. का. राजवाडे यांचे ज्ञानेश्वरीतील भाषेचे व्याकरण (1909) आणि ज्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ यांमुळे अभ्यासकांपुढे आला. ब्लॉक यांच्या ग्रंथाचा वा. गो. परांजपे यांनी केलेला मराठी अनुवाद 1941 चा आहे. या दृष्टीने पाहिल्यास ‘गेला’, ‘केला’, ‘मेला’ हे तीन सुटे अपवाद उरत नाहीत. गत, कृत, मृत या भूतकालवाचक धातुसाधितांना प्राकृतात ‘इल्ल’ हा प्रत्यय लागला आणि तिन्ही रूपे एकाच वाटेने घडली. लहान मूल काही काळ ‘करलं’ म्हणते, ते चालू नियम लावून पाहते म्हणून. ‘केलं’ हा त्याहून जुन्या नियमाचा अवशेष आहे. ‘होणे’चा भूतकाळ ‘झाला’ याचे मूळ ‘जात’ म्हणजे जन्मलेला या रूपात आहे. जुन्या मराठीत ‘जाला’ असेच रूप सापडते. ‘होता’ हे तर ‘भू’पासून आलेल्या ‘होंत’ या वर्तमानकालवाचक रूपातून निघाले आणि आज केवळ भूतकाळ दाखविते. ज्ञानेश्वरीतील ‘आथि’ हे ‘अस्ति’चे थेट वंशज मात्र प्रचारातून गेले. आइसलँडिकमधील ‘एर’ आणि संस्कृत ‘अस्ति’ यांचे मूळ एकच आहे. ‘वार’चे नाते मात्र राहणे या अर्थाच्या ‘वस्’ धातूशी लागते. म्हणजे तेथेही एका क्रियापदाच्या संसारात दोन धातू नांदत आहेत.

पाटण तालुक्यातील कोयनानगर ही कोयना प्रकल्पाच्या निमित्ताने उभी राहिलेली वसाहत. 1954 च्या सुमारास धरणाचे काम सुरू झाले आणि निरनिराळ्या भागांतील अभियंते, कारकून, मजूर येथे एकत्र आले. वसाहतीतील ‘आहे’ आणि खोऱ्यातील ‘हाय’ एका बाकावर बसले. 1967 च्या जानेवारीत पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे बालभारतीची, स्थापना झाली आणि पुढे राज्यभर एकच पाठ्यपुस्तक, पर्यायाने एकच प्रमाणरूप, वर्गात आले. प्रमाणभाषा शिकविली पाहिजे, याबद्दल वाद नाही. परंतु ‘हाय’, ‘व्हता’, ‘न्हवता’ यांवर ‘अशुद्ध’ असा शेरा पडतो, तेव्हा खोऱ्यातील मुलाला त्याच्या आईचे बोलणेच चुकीचे असल्याचे सांगितले जाते. ऐतिहासिकदृष्ट्या त्या शेऱ्याला आधार नाही. ‘आहे’चे ‘हाय’ होणे आणि ‘भवति’चे ‘होइ’ होणे हे ध्वनिबदलाचेच दोन प्रकार आहेत.

या बोलीतील अधिक लक्षणीय गोष्ट म्हणजे ‘मी गेलतो’, ‘तू गेलतास’, ‘ती गेलती’, ‘काम केलतं’ ही रूपे. सातारा-सांगलीकडे ती सर्रास ऐकू येतात. ‘गेलो होतो’ या दोन शब्दांचे येथे एक रूप झाले असून त्याला पुरुष, लिंग, वचन यांचे प्रत्ययही नीट लागतात. सहायक क्रियापद मुख्य क्रियापदात विरून नवा काळ घडत असल्याचे हे उदाहरण आहे. शाळेच्या कोष्टकात मात्र या काळाला रकाना नाही. नकारात ‘गेलो न्हवतो’ असे शब्द वेगळे राहतात, यावरून ही घडण अद्याप पुरी झालेली नसावी.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला. या परिसरात जुन्या घटनांचा काळ सांगताना ‘भूकंप झालता तवा’ असा शब्दप्रयोग सहज होतो. त्या ‘झालता’मध्ये ‘जन्’ आणि ‘भू’ हे दोन प्राचीन धातू एकाच शब्दात येऊन मिळाले आहेत.